डावीकडची सीट

हिरामणला गाडी घ्यायची होती, हे पेणच्या बाजारात कुत्र्यामांजरांनासुद्धा ठाऊक झालं होतं. आता माणूस गाडी घेतो म्हणजे काय करतो? चार ठिकाणी बघतो, टायरला लाथ मारतो, भाव पाडतो नि घेऊन मोकळा होतो. ह्याचं तसं नव्हतं. पावसाळ्याआधी बघायला सुरुवात केली, गणपती गेले, दिवाळी गेली, तरी ह्याचं आपलं बघणं चालूच. लग्नाला मुलगीसुद्धा एवढी कोणी बघत नाही.

काम त्याचं पार्सलचं. म्हणजे धंदा शेठचा, गाडी चालवणारा हा. पेणहून पापड-पोह्यांचे खोके, कापडाच्या गाठी, औषधांच्या पेट्या उचलायच्या नि रोहा, कोलाड, वाटेतल्या गावांत टाकायच्या. शेठची गाडी तीनचाकी. पुढं एकच सीट, तीही मधोमध. ड्रायव्हर बसला की संपलं, शेजारी पिशवी ठेवायलाही जागा नाही. ह्या एका सीटनं आपला संसार मोडला, असं हिरामणचं ठाम मत होतं.

झालं होतं असं. आदल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास त्याच्या बायकोला, चंद्रावतीला, माहेराहून निरोप आला. माहेर वरसेला, रोह्याला लागूनच. बाबांचं जास्त झालंय, लगेच निघ. नेमकी गाडी भरलेली नि शेठ डोक्यावर. हिरामण म्हणाला, "तू थांब गो. हा माल टाकतो, शेठकडं मोठी गाडी मागतो नि तुला घेऊन जातो." माल टाकून तो आला, मोठी गाडी मिळेपर्यंत दिवेलागण झाली. दोघं वरसेला पोचली तेव्हा म्हातारा गेलेला होता. तेरावं झालं. हिरामण निघाला, चंद्रावती निघाली नाही. भांडण नाही, शिवीगाळ नाही. "तुमी व्हा पुढं," एवढंच म्हणाली.

त्यांच्यात रीत अशी, की माहेरी राहिलेली बाई आपल्या पायानं परत येत नाही. नवऱ्यानं जाऊन मानानं आणायची. ते हिरामणला कळत होतं. पण आणायची कशात? ज्या सीटपायी ती रुसली, तीच तीनचाकी घेऊन तिच्या दारात कुठल्या तोंडानं उभं राहायचं? गाडी स्वतःची पाहिजे, नि तिला शेजारी नीट बसता येईल अशी पाहिजे. तेव्हाच जायचं. अशी गाठ त्यानं मनाशी मारली. एकदा आगऱ्यानं गाठ मारली की ती सोडवायला ब्रह्मदेव आला तरी हात टेकतो.

गंमत बघा, रोह्याच्या फेरीला वरसेचा फाटा लागायचाच. तिथं त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. आत वळलं की चौथं घर. पण वळायचा नाही. दोनदा भोंगा वाजवायचा नि पुढं जायचा. घरी आल्यावर सुकट भाजताना धूर झाला तरी ओरडायला कोणी नव्हतं. त्या ओरडण्यासाठी त्याचा जीव तळमळायचा.

गाडी बघायला बरोबर पुंडलिक असायचा. पुंडलिक त्याचा लहानपणचा दोस्त, पेणमध्ये गॅरेज चालवायचा, नि तोंडाचा फाटका. त्यानं पहिल्यांदा मोठा डिझेल टेम्पो दाखवला.

"खालचे स्प्रिंगचे पाटे बघ, नवे टाकलेत. डोलवीच्या कंपनीचं लोखंड भरलंस तरी बसायची नाय."

हिरामण वळसा घालून डाव्या दारानं वर चढला. तिथं बसला, हललाबिलला, खाली उतरला.

"चढायला उंच हाय."

"तुला काय म्हातारपण आलंय?"

"मला नाय. नि इंजिन इथंच हाय. पाय भाजतील."

"ड्रायव्हरचे?"

"ह्या बाजूचे."

पुंडलिकनं कपाळावर हात मारला. मग त्यानं नवी तीनचाकी सुचवली. पेणच्या बोळांत घुसते, तेल कमी खाते, पार्सलवाल्याला ह्याहून बरी गाडी नाही. हिरामणनं आत वाकूनसुद्धा बघितलं नाही. असं करत करत नागोठण्यापर्यंतच्या सगळ्या गाड्या झाल्या. कुठं दार कडक, कुठं बाक लाकडी. शेवटी एक पांढरी व्हॅन आली. आधी शाळेची पोरं नेणारी, मागच्या सीटा काढून टाकलेली.

"ही नको," पुंडलिक म्हणाला. "माल बसणार मूठभर नि पेट्रोल पिणार ढीगभर. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला."

तोवर हिरामण डावीकडं बसलाही होता. काच खाली केली, वर केली, परत खाली केली.

"वारा लागतो इथं," तो म्हणाला.

तेव्हा कुठं पुंडलिकच्या डोक्यात उजेड पडला. "अरे शहाण्या, मग गाडी कशाला, पालखीच घे की." पण आवाज उतरला होता त्याचा. व्यवहार त्यानंच मिटवून दिला.

पहिल्याच फेरीला हिरामणनं डाव्या सीटवर कोरा टॉवेल अंथरला. मागं कोलाडच्या दुकानाची औषधं होती. वरसेच्या फाट्याला तो या वेळी आत वळला. गाडी त्यानं पडवीपासून लांबच उभी केली. चंद्रावती बाहेर आली. वाळली होती जरा.

"चल गो," त्यानं डावीकडचं दार उघडलं. "बसून तरी बघ. मऊ हाय. काच पण खाली होते."

ती आली. टॉवेलवरून हात फिरवला नि बसली. तो ड्रायव्हरच्या जागी बसला. दोघंही समोरच्या कुंपणाकडं बघत होती.

"दोनदा भोंगा वाजवायचात, ते तुमीच ना?"

"व्हय."

"मी हातातलं टाकून पडवीत यायची. आता वळतील, आता वळतील. मग आवाज लांब जायचा."

"एका सीटच्या गाडीत तुला नेणार कसा?"

"सीट कोणी मागितली होती?" चंद्रावती त्याच्याकडं वळली. "त्या दिवशी पिशवी भरून मी उभी होते. रोह्याची एसटी सुटत होती. तुमी थांब म्हणलात म्हणून थांबले. माल तिथंच ठेवून तुमी माझ्याबरोबर एसटीत बसायला पायजे होतात. जागा नसती तर उभ्यानं गेलो असतो. बाबा भेटले असते."

पावसाळ्याआधीपासून हिरामण सीटा दाबून बघत फिरला होता.

तिनं मागं नजर टाकली. "ते काय हाय?"

"कोलाडची औषधं."

"आजच द्यायचीत?"

"व्हय," तो म्हणाला, नि म्हणतानाच त्याला स्वतःची लाज वाटली.

चंद्रावती उतरली, दार हळू लावलं. "मग जा. कोणाचं तरी औषध हाय. सोमवारी या. पण गाडी नको. एसटीनं या."

"येशील माझ्याबरोबर परत?"

"आधी या तर."

सोमवार म्हणजे मालाचा दिवस. सकाळीच व्हॅन छतापर्यंत भरलेली, दुकानदारांचे निरोपावर निरोप. हिरामणनं चावी पुंडलिकच्या हातात कोंबली. "टाकायचा तर टाक, नायतर राहू दे," म्हणाला नि स्टँडकडं चालू लागला. मागून पुंडलिक काय काय ओरडला, ते इथं सांगण्यासारखं नाही.

एसटी खच्चून भरली होती. वाटेत एक आजोबा जरा सरकले, म्हणाले, "बस की रे बाबा, होते जागा."

"नको," हिरामण म्हणाला. "उभाच बरा हाय."

दांडी धरून तो उभ्यानंच रोह्यापर्यंत गेला. परतीला ती बरोबर असेल की नाही, हे काही त्याला माहीत नव्हतं.