दुसरी व्यक्ती

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी शहरातल्या राखीव जंगलाच्या रखवालदाराकडे विद्यापीठातून एक बाई आली. तिनं झाडं मोजली नाहीत, खोडांचे घेर घेतले नाहीत. "काका, मी नुसती तुमच्याबरोबर हिंडते. इथे तुम्हाला काय वाटतं ते सांगा," म्हणाली आणि आवाज टिपणारं यंत्र सुरू केलं.

रखवालदार गोंधळला. एकतीस वर्षांत साहेबांनी झाडं किती, आग कुठे लागली, कुंपण कुणी तोडलं, एवढंच विचारलं होतं. काय वाटतं, याला नोंदवहीत रकानाच नव्हता. ही तपासणीच असणार असं धरून त्यानं अकराशे चाळीस झाडं जातवार सांगितली. तिनं तीही निमूट ऐकली.

परतले तेव्हा बायको खोलीच्या दारात भाजी निवडत होती. "हे काय सांगणार? तळ्याकाठच्या वठलेल्या झाडापाशी रोज का थांबतात, ते मी सांगते," म्हणाली. त्यानं डोळे वटारले. ती बोलतच राहिली, पण त्याचं सगळं लक्ष यंत्राकडे. ते झाड पाडायचा हुकूम त्यानं चार वर्षं दाबून ठेवला होता. साहेबांच्या कानावर गेलं तर नोकरी आणि खोली, दोन्ही जाणार. लिहून झालं की आवाज पुसून टाकायचा, असं त्यानं बाईकडून कबूलच करून घेतलं.

पाच महिन्यांनी ती कागद घेऊन आली. बोलणं बरोबर उतरलंय का ते बोलणाऱ्यानं स्वतः तपासायचं, अशी तिच्या कामाची रीत. रखवालदार चाळिशीनंतर अक्षरं शिकलेला. ओळीवर बोट ठेवून वाचत गेला. तो जिथे गप्प बसला होता, तिथेही 'थांबतात' असं लिहिलेलं. शेवटची ओळ होती, 'दुसरी व्यक्ती बोलते. परवानगी घेतलेली नसल्याने वगळले.'

बायको त्या दिवशी काय म्हणाली होती, असं त्यानं विचारलं. बाईला नीटसं आठवेना. झाडाबद्दल काहीतरी बोलल्या आणि हसल्या, एवढंच.

"मग ते ऐकवा."

"काका, तुम्हीच पुसायला सांगितलं होतं ना."

त्या झाडापाशी आपण का थांबतो, हे त्याला कधी उमगलं नव्हतं. तिला ठाऊक होतं. त्यानं पेन मागून घेतलं, 'दुसरी व्यक्ती' खोडलं आणि वर सावकाश 'बायको' लिहिलं.

"काकू आहेत ना घरात? त्यांनाच पुन्हा विचारते, परवानगीही घेते," बाई म्हणाली.

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी ती वारली, असं त्यानं सांगितलं.