मिठाच्या पांढऱ्या चौकोनांचा नकाशा

मी एक जुना नकाशा आहे. पण मित्रांनो, मला भिंतीवर टांगता येत नाही की घडी घालून दप्तरात ठेवता येत नाही. मी राहतो संगणकाच्या पोटात. राज्य वसवण्याचा, वाढवण्याचा आणि राखण्याचा जो खेळ असतो ना, त्या खेळातला मी.

माझा जन्म सुकापूरच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, मे महिन्याच्या सुट्टीत झाला. मनस्वी नावाच्या मुलीने मला चौकोन-चौकोन जोडून घडवले. जुन्या काळची पनवेलची खाडी तिने निळ्या रंगाने काढली. बंदरात गलबते ठेवली. एका अंगाला कर्नाळ्याचा सुळका उभा केला, त्याच्या पायथ्याशी सागाचे रान पेरले. आणि अगदी शेवटी, श्वास रोखून, खाडीच्या काठाला चार पांढरे चौकोन मांडले. ते मिठागर.

हे मिठागर तिच्या आजाचे, तुळशीरामचे. जासईच्या बाजूला ते खरोखर होते. आता तिथे कंटेनर एकावर एक रचलेले असतात. मनस्वीने ते मिठागर कधी पाहिले नव्हते, फक्त ऐकले होते. आजाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चालला होता. त्याला नीट दिसते आहे तोवर त्याचे मिठागर कुठेतरी पुन्हा उभे राहावे, एवढीच तिची इच्छा होती. म्हणून मी जन्मलो.

सुरुवातीचे दिवस फार लाडाचे गेले. मनस्वी खाडीकाठचे राज्य घ्यायची. तिच्या काकांचा मुलगा केतन पनवेलहून यायचा आणि डोंगराचे राज्य घ्यायचा. इमारतीतली मुले मागे उभी राहून माझे कौतुक करायची. कुणी म्हणे, बंदर किती छान आहे. कुणी म्हणे, सुळका अगदी खरा वाटतो. मी मनातल्या मनात फुलून जायचो.

पण माझ्यात एक खोट होती, मित्रांनो, आणि ती प्रेमातून आलेली होती. त्या चार चौकोनांत मनस्वीने मीठ भरभरून घातले होते. दर फेरीला आपोआप मीठ पिकायचे. मिठावर व्यापार, व्यापारावर गलबते, गलबतांवर सैन्य. केतन कितीही डोके लढवो, विसाव्या फेरीपर्यंत त्याचे राज्य सुकून जायचे. सात डाव झाले, सातही मनस्वीने जिंकले.

सातव्या डावानंतर केतन उठला. "तायडे, हा खेळ नाही," तो म्हणाला, "हा आपल्या आजाचा सत्कार आहे. शाल-श्रीफळ तेवढं राहिलंय." हसत म्हणाला खरा, पण चपला घालून गेला तो परत आला नाही. हळूहळू बाकीची मुलेही पांगली.

मग मनस्वी मला दुरुस्त करू लागली. तिने मीठ कमी केले, तर खाडीचे राज्य नवव्या फेरीतच उपाशी पडले. डोंगराला दगड वाढवून दिला, तर डोंगर माजला. तराजूत एका बाजूला गूळ टाकावा, मग दुसऱ्या बाजूला टाकावा, आणि काटा काही मधे थांबू नये, तसे माझे झाले. एका दुपारी तिने मला पुसून टाकायचे ठरवले. मी गेलो असतो, तर आजाचे ते उरलेसुरले मिठागरही माझ्याबरोबर गेले असते. ती बटण दाबणार, एवढ्यात आजा काठी टेकत आत आला आणि म्हणाला, मला एकदा बघू दे.

तो पडद्याला नाक लागेल इतका जवळ वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "पोरी, मिठागर बेस हाय. पन बांध कुठं हाय?"

मनस्वीने सांगितले की खेळात बांध लागत नाही, चौकोनावर मीठ आपसूक येते. आजा पोट धरून हसला. "आपसूक आलं असतं, तर तुझ्या आजीची पाठ वाकली असती का गं?"

मग तो सांगत बसला. भरतीचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी दारातून, हवे तेवढेच आत घ्यायचे. ते उन्हात तापवायचे. आणि उधाण आले की रात्र-दिवस न बघता बांध राखायचा. एके वर्षी बांधाला खांड पडली, खारे पाणी आत घुसले. तेव्हा नुसता गाव नाही, डोंगराकडची माणसेही दगड-लाकूड घेऊन धावून आली. मीठ बुडाले तर त्यांचेही वर्ष आळणी जाणार होते. आजी सखूबाई डोक्यावर चिखलाची पाटी घेऊन बांधावर गात होती. आजाने ते बसक्या आवाजात म्हणून दाखवले:

दर्या आला दारी, त्याला पाव्हना म्हनावा,
दार उघडावं बाई, परी उंबरा राखावा.

मनस्वीने मला पुसले नाही. तिने मला बांध दिला. मीठ पुन्हा भरपूर केले, पण बांधासाठी दगड आणि साग डोंगरातूनच मिळतील असे ठेवले. डोंगराला अन्न टिकवायला मीठ हवे, असे केले. दर दहा फेऱ्यांनी उधाण यायचे, आणि दोन्ही राज्यांनी माणसे धाडली तरच बांध टिकायचा. मग तिने केतनला एवढेच कळवले: बांधाला माणसे हवी आहेत.

रविवारी केतन आला. आजा दोघांच्या मधे खुर्ची टाकून बसला. डाव रंगला. तिसऱ्या उधाणाच्या वेळी केतनचे सैन्य बंदराच्या वेशीवर होते. त्याने माणसे धाडली नसती, तर बांध फुटून मनस्वीचे राज्य त्याच फेरीत कोसळले असते. मीठ गेल्याचा फटका त्याला बसला असता, पण तोवर तो जिंकलेला असता. माझ्यावरचा त्याचा पहिला विजय त्याच्या बोटाखाली होता.

आजाला आता अंधुकच दिसत होते. कोण जिंकते आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने सहज विचारले, "केतन, तुझी मानसं कुठं हायत?"

केतनने खाणीवरची माणसे काढली आणि बांधावर नेऊन उभी केली.

बांध टिकला. डाव पुढे खूप लांबला आणि शेवटी केतन तीन गुणांनी जिंकला, सरळ खेळून. आपल्याच नकाशावर मनस्वी पहिल्यांदा हरली. ती म्हणाली, "अजून एक डाव." आजाने मात्र हात पुढे केला आणि पांढऱ्या चौकोनांवरून बोट फिरवले, मीठ चाचपावे तसे. पडद्यावर त्याच्या बोटाचा ठसा उमटला.

आज आजा नाही. मनस्वी नोकरीला लागली आहे आणि माझा संगणक फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला असतो. महिनोन् महिने मला कुणी उघडत नाही. पण वर्षातून एकदा, आजाच्या तिथीला, केतन येतो आणि दोघे एक डाव खेळतात. कापड काढले की मनस्वी सगळा पडदा पुसते, फक्त आजाच्या बोटाच्या ठशाचा तो कोपरा सोडून.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. तुम्ही प्रेमाने काही घडवाल, तेव्हा ते एखाद्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा आणि विचारा, यात बांध कुठे राहिला? आणि उधाण आले की आपण जिंकतो आहोत की हरतो आहोत ते मागाहून बघा. आधी बांधावर माणसे धाडा.