बॅकअपचा पत्ता

बाबा गेले, पण त्यांच्यावरचा ठपका ऑफिसात तसाच राहिला: रुग्णालयाचा मुख्य सर्व्हर बसला, तेव्हा बॅकअप भलत्याच फोल्डरमध्ये जात होता. मशीन बंद-चालू झालं की ते फोल्डर आपोआप रिकामं होतं.

बॅकअप कुठे ठेवायचा, हा पत्ता ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मशीनवर ठरावीक नावाने ठेवलेल्या नोंदीत, असतो. मुख्य सर्व्हरवर तो नंतर दुरुस्त झाला. बाबांच्या हाताखाली शिकलेले, त्यांना दादा म्हणणारे, आमच्याकडे हक्काने जेवणारे काका त्यांच्या जागी आले, माझे साहेब झाले.

परवा तपासणीचं नवं टूल आलं. ते प्रत्येक मशीनवरची व्हेरिएबल्स वाचतं. अपेक्षित उत्तर मिळालं तर हिरवं, नाहीतर लाल. मी चालवलं. सगळं हिरवंगार. तरी उघडून पाहिलं, तर नव्या मशीन्सवर मुख्य सर्व्हरवर होता तोच चुकीचा पत्ता. ती मशीन्स बाबा अंथरुणाला खिळल्यावर काकांनी बसवलेली. आणि टूलमधली अपेक्षित उत्तरं काकांनी त्याच मशीन्सवरून उतरवून घेतली होती.

मी टूलमध्ये अपेक्षित उत्तर म्हणून योग्य पत्ता घातला, टूल पुन्हा चालवलं. लाल, लाल, लाल.

"काय गं लावलंयस हे?" काका खुर्चीमागे उभे होते. "सकाळी तर पास होतं."

"सकाळी उत्तरं तुमची होती, काका."

ऑफिसात मी त्यांना सर म्हणते. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"हवंय काय तुला?"

"तोच चुकीचा पत्ता इथेही होता आणि ही मशीन्स बाबांच्या हातची नाहीत, एवढं तपासणीच्या अहवालात येऊ दे."

"आता दादांना काय फरक पडतो?"

"आईला पडतो."

"दादा असते तर म्हणाले असते, सांभाळून घे."

"म्हणाले असते. तेव्हाही त्यांनी तुम्हाला सांभाळून घेतलं, म्हणूनच तर तुम्ही साहेब झालात."

माझा कीबोर्ड ओढून त्यांनी एकेका मशीनवरचा पत्ता दुरुस्त केला आणि टूल चालवलं. ते फक्त शेवटचा निकाल ठेवतं; आधीचे लाल पुसले गेले. सगळं हिरवं.

"झालं ना बरोबर? की परत चुकीचं करून ठेवू?"

बॅकअप आता योग्य जागी जात होता. कुणाच्या तरी आईचे रिपोर्ट उद्या हरवणार नव्हते. नको कुठल्या तोंडाने म्हणू?

"कर सही," काका म्हणाले. अहवालात खोटं असं एकही अक्षर नव्हतं. मी सही केली.