आटणारी शाल

हरेश्वरांनी कापडाचं टोक ओठांना लावलं आणि फुंकर मारली. गाल फुगले, डोळे बारीक झाले, पण कापड हललं नाही. मग दुसरा तळवा कापडामागे धरून त्यांनी पुन्हा फुंकलं. तळव्याला काही लागलं नसावं. त्यांनी कापड बादलीच्या काठावर टाकलं.

"ह्यातून वारो जाणा नाय," ते म्हणाले. "लोकर खंयसून जातली?"

हेमांगी मोरीच्या उंबऱ्यावर बसून होती. कोपरापर्यंत साबणाचं पाणी. बादलीत तिची तीन तासांची मेहनत तरंगत होती. जांभळी लोकर सॅटिनच्या कापडाला धरलीच नव्हती. दुधावरची साय निघावी तशी सगळी एका पदरात सुटून आली होती. सासऱ्यांनी आपणहून काही बोलण्याची ही कित्येक आठवड्यांतली पहिलीच वेळ, हे तिच्या लक्षात आलं, पण तेवढ्यात ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसलेही होते.

नुनो फेल्टिंग हा शब्द तिने पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा ऐकला. शाळेच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी शुभा तिला अंधेरीतल्या एका दिवसाच्या वर्गाला ओढून घेऊन गेली. तिथल्या बाईंनी विरळ रेशमावर लोकरीचे तंतू पिंजून पसरले, वर जाळी घातली, कोमट साबणपाणी शिंपडलं आणि सगळं एका नळीभोवती गुंडाळून टेबलावर लाटत बसल्या. पुढे-मागे, पुढे-मागे. लाटता लाटता लोकर रेशमाच्या छिद्रांतून पलीकडे जाते आणि दोन्ही एकमेकांना सोडत नाहीत. ना सुई, ना दोरा. संध्याकाळी हेमांगीच्या हातात तळहाताएवढा तुकडा होता, आणि तो इतका हलका होता की पर्समध्ये आहे की नाही हे तिने वाटेत दोनदा पाहिलं.

तेव्हाच तिच्या मनात शाल आली.

जोगेश्वरीत त्यांच्या बिल्डिंगमागे दत्ताचं देऊळ आहे. दत्तजयंतीला तिथे कीर्तन होतं आणि बायकांच्या भजनी मंडळातर्फे कीर्तनकारांना शाल-नारळ दिला जातो. हा मान गेली कितीतरी वर्षं मालनताईंचा, म्हणजे हेमांगीच्या सासूबाईंचा. एके वर्षी त्यांनी एका बुवांना हिरव्या काठाची शाल पांघरली. दोन वर्षांनी भांडुपच्या एका सत्कारात तीच शाल, त्याच खोक्यात, खोक्यावर मालनताईंनी लावलेल्या हळदीकुंकवाच्या बोटांसकट, दुसऱ्याच कोणाला दिली गेली. मालनताई पहिल्या रांगेत होत्या. तिथे त्या पदर तोंडाला लावून हसल्या. घरी आल्यावर मात्र डाळीला फोडणी द्यायची विसरल्या. म्हणाल्या, बुवांचं काय चुकलं, मुंबईच्या उकाड्यात लोकरीची शाल वापरणार कोण. पण आपण द्यावं आणि समोरच्याच्या अंगाला ते लागूच नये, याचं त्यांना फार वाटलं होतं.

गेल्या श्रावणात मालनताई गेल्या. यंदा मंडळाने हा मान हेमांगीला दिला. कीर्तनाला रत्नप्रभाबाई येणार होत्या, आणि हेमांगीला एकच गोष्ट हवी होती. आपली शाल त्यांनी खोक्यात परत ठेवू नये. घाम न काढणारी, खांद्यावर विसरून जावी अशी शाल. दत्तजयंती शनिवारी होती आणि आज सोमवार.

मंगळवारी ती घाटकोपरच्या कापडबाजारात गेली आणि प्रत्येक ठाणाचं टोक तोंडाला लावून फुंकत सुटली. दुकानदाराने आधी दुर्लक्ष केलं, मग ताई, पोळलं का तोंड, असं विचारलं. चौथ्या दुकानात एका रेशमी शिफॉनने तिची फुंकर थेट तळव्यावर पोचवली. घरी येऊन तिने ते हरेश्वरांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी फुंकर मारली, बोटांत चुरलं, मग वितीने लांबी-रुंदी मोजली आणि मान हलवली. एवढंच. पण टीव्हीचा आवाज त्यांनी बंद केला होता.

हरेश्वर मिलमध्ये स्टेंटरवर होते. ओलं कापड दोन्ही कडांना चिमट्यांत धरून ताणत, वाळवत पुढे नेणारं ते यंत्र. मिल बंद पडेपर्यंत एकतीस वर्षं. सुटी असली की कीर्तनात झांज घेऊन बुवांच्या मागे उभे राहायचे. मालनताई गेल्यापासून झांज कपाटात गेली, आणि ते स्वतः या खिडकीजवळच्या खुर्चीत.

बुधवारी संध्याकाळी तिने लोकर मांडली. केसाएवढी पातळ, जाळीतून खालचं कापड दिसेल इतकी. लाटायला बसली तेव्हा मोजण्यात गोंधळ होऊ लागला, म्हणून तिने दत्तनामाचा गजर धरला. एका नामाला एक फेरी. पण गजर तो गजर, संथ सुरू झाला तरी चढत जातो. तिचे हात लयीबरोबर धावू लागले, टेबल खडखडायला लागलं.

"गो, एवढ्यात द्रुत?" खुर्चीतून आवाज आला. "आधी बुवा नमन करतत ना?"

ती हसली आणि लय खाली आणली. नवरा, प्रज्योत, विमानतळावरची शिफ्ट संपवून आला तेव्हा ती लाटतच होती आणि हरेश्वर खुर्चीच्या हातावर दोन बोटांनी ठेका देत होते. प्रज्योतने बूट काढता काढता तिच्याकडे पाहिलं. तिने नजरेनेच गप्प राहायला सांगितलं.

उलट्या बाजूला लोकरीचे बारीक केस वर आले होते. आता राहिलं होतं ते शेवटचं काम. गरम पाण्यात चोळायचं, आपटायचं, म्हणजे लोकर आवळत जाते, कापडाला सुरकुत्या देते आणि तुकडा एक तृतीयांशाने लहान होऊन पक्का होतो. ते उद्या. ओली गुंडाळी तिने प्लास्टिकमध्ये बांधली आणि गुरुवारी सकाळी शाळेत गेली.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा शाल हॉलभर ताणलेली होती. खिडकीच्या ग्रिलपासून दाराच्या कडीपर्यंत दोन दोऱ्या, आणि शालीच्या दोन्ही कडांना चार-चार बोटांवर कपड्यांचे चिमटे. घरातले सगळे, शिवाय शेजारून आणलेलेही. एकही सुरकुती नव्हती. कापड पापडासारखं कोरडं आणि सपाट झालं होतं, आणि चिमट्यांपाशी लोकरीचे केस उभे राहिले होते.

हरेश्वर शेजारी उभे होते. कित्येक आठवड्यांनी दाढी केलेली होती.

"आटत होता गो," ते म्हणाले. "सकाळी उघडून वितीन मोजलंय, तर चार बोटां कमी. म्हटलं हातचा जाईल. परत पन्ह्याक, पुरत्या रुंदीक आणून ठेवलंय बघ."

हेमांगीने पर्स खांद्यावरून काढली नाही. ती तशीच स्वयंपाकघरात गेली, चहाचं पाणी ठेवलं, गॅस पेटवला, बंद केला. काय बोलावं ते जिभेवर आलेलं होतं. मग तिला त्यांची दाढी आठवली. पर्समधून वर्गातला तळहाताएवढा तुकडा काढून ती बाहेर आली आणि तो त्यांच्या हातात दिला.

"बाबा, हा आधी एवढा होता." तिने बोटांनी हवेत चौकोन दाखवला. "तो आटवलाय. आटला म्हणून तर पक्का झालाय."

हरेश्वर तुकड्याकडे बघत राहिले. उलटा केला, सुलटा केला. नखाने लोकर सोडवून पाहिली. सुटली नाही.

"म्हणजे आटूकच व्हया होता?"

"हो."

ते खाली बसले, मग लगेच उठले. शालीपाशी गेले आणि एका टोकापासून चिमटे काढू लागले. एक एक चिमटा काढून दुसऱ्या हातात जमवत होते, आणि हात भरला तरी खाली ठेवत नव्हते.

"एकतीस वर्सां," दाराच्या कडीशी पोचल्यावर ते म्हणाले, "आटलेला कापड मी बाजूक काढलंय. खराब म्हणान."

"मला तरी कुठे माहीत होतं, बाबा? मी सॅटिन आणलं होतं."

शुभाला फोन केला. तिने बाईंना विचारून सांगितलं की वाळलं तरी बिघडत नाही, पुन्हा भिजवा आणि नेटाने करा. जेवणं झटपट उरकली. ओट्यावर गरम पाणी, साबणाचा चुरा. तिने शाल चोळायला घेतली, तसे हरेश्वर बाह्या सरसावून पलीकडच्या बाजूला उभे राहिले. आधी ते भीतभीत हात लावत होते, जणू कोणीतरी खात्याचा साहेब येऊन बघेल. मग कापड आवळायला लागलं. त्यांच्या बोटांना ते तिच्याआधी कळलं.

"धरल्यान," ते म्हणाले.

मग त्यांनी शाल उचलली आणि ओट्यावर आपटली. पुन्हा उचलली. गजर या वेळी त्यांनीच धरला, आणि द्रुत लयीत.

चिमट्यांच्या कडेला काही ठिकाणी लोकर विरळच राहिली. एरवी शाल झाली होती. पानाच्या शिरांसारख्या सुरकुत्या पडलेली, आणि हातावर घेतली तर वजन म्हणून नाही. शनिवारी दुपारी हेमांगीने नारळ, हळदकुंकू काढून ठेवलं. सासऱ्यांना विचारावं की नाही याचा ती विचार करत होती, तोच ते धोतर नेसून बाहेर आले. त्यांनी तिला सांगून टाकलं की कीर्तनाचं काही नाही, पण कापड अंगावर कसं पडतं ते बघायला हवं.

मध्यंतराला बुक्का लावला, हार घातला, आणि हेमांगीने रत्नप्रभाबाईंच्या खांद्यावर शाल पांघरली. बाईंनी हात जोडले. पेटीवाल्याने सूर दिला आणि कथा लागली, अनसूयेची. तिन्ही देव भिक्षेकरी होऊन दारात येतात, नको ती अट घालतात, आणि ती माउली नवऱ्याचं स्मरण करून त्यांच्यावर तीर्थ शिंपडते.

इथे बाईंनी खांद्यावरची शाल काढली.

हेमांगीने मांडीवरच्या शालीच्या रिकाम्या खोक्याचं झाकण लावलं. काढलं, पुन्हा लावलं. शेजारी हरेश्वर समोर बघत होते.

बाईंनी पेटीवाल्याचं उपरणं मागून घेतलं, त्याची गुंडाळी केली. पदरावरचा स्वतःचा शेला काढला, त्याची केली. मग शाल हातात घेऊन क्षणभर थांबल्या. बोटांनी ती थोडी चाचपली आणि तिचीही गुंडाळी केली, सावकाश, एक टोक डोक्यावरून घेऊन. तीन बाळं झाली. एक उजव्या कुशीत, एक डाव्या.

"अनसूयेला हात दोनच," त्या म्हणाल्या. "हे कोणीतरी धरा हो."

आणि दोन पावलं पुढे येऊन त्यांनी ते तिसरं बाळ हरेश्वरांच्या हातात दिलं.

लोक हसले. हरेश्वर हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते, त्यातला एक बाळाच्या डोक्याखाली. त्यांनी उलटून पाहिलं नाही, कड तपासली नाही. अभंग सुरू झाला तसा त्यांचा गुडघा हळूहळू हलू लागला.

कथेत पुढे तिन्ही देवांच्या बायकांनी आपले नवरे परत मागितले. देव प्रसन्न झाले आणि अनसूयेच्या पोटी आले. एक मुलगा चंद्र होऊन आकाशात गेला, आणि पेटीवाल्याला उपरणं मिळालं. एक तपाला गेला, आणि शेला बाईंच्या पदरावर गेला. तिसरा दत्त. तो आईपाशी राहिला, असं म्हणून बाईंनी हरेश्वरांकडे पाहिलं, मान लववली आणि आरतीला सूर लावला. हरेश्वर उभे राहिले. बाळ त्यांनी खांद्यावर घेतलं होतं, त्यामुळे त्यांना टाळी वाजवता येईना. ते एका हाताने पाठीवर ठेका देत राहिले.

प्रसाद झाला, चपला शोधणं झालं. रत्नप्रभाबाईंची रिक्षा आली होती. पिशव्या आत ठेवल्या गेल्या, नारळ ठेवला, शालीचं रिकामं खोकं ठेवायला कोणी दिलं ते त्यांनी परत केलं आणि देवळाच्या पायऱ्या पुन्हा चढून वर आल्या. खांबाशी हेमांगी होती, तिच्यामागे हरेश्वर.

"माझी शाल राहिली," बाई म्हणाल्या. "बाहेर वारं सुटलंय."

हरेश्वरांनी ती खांद्यावरून उतरवली. बाईंनी घ्यायला एक हात पुढे केला होता. त्यांच्याकडे बघून दुसराही केला. हरेश्वरांनी गुंडाळी त्यांच्या हातांवर ठेवली, आणि खालचा आपला तळवा सावकाश काढून घेतला.

"मान सांभाळा," ते म्हणाले.