उभं करण्याची रीत

शिवणकाम करणाऱ्या मावशीच्या दुकानात त्या आठवड्यात मशीनला उसंत नव्हती. चर्चला शंभर वर्षं पूर्ण होत होती आणि मंडळीतल्या निम्म्या बायकांना एकाएकी साक्षात्कार झाला होता, की आपल्याकडे घालायला धड काही नाही. मावशी तोंडात टाचण्या धरून सगळ्यांचं ऐकून घेत होती. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही, हा या धंद्याचा मोठा फायदा.

दुकानात एकच विषय चालला होता: जुने दिवस. पूर्वी गाणी कशी घुमायची, पूर्वी उपदेश कसा लांबायचा आणि तरी कोणी उठत नसे, पूर्वी मुली कशा खाली मान घालून चालायच्या.

"पंचसाहेब म्हणतात तेच खरं," एक बाई आरशात स्वतःची पाठ बघत म्हणाली. मंडळीचा सगळा कारभार पंचसाहेबच बघत. "शिस्त गेली आणि मंडळीची रया गेली. ती जुनी रीत पुन्हा सुरू करायचा प्रस्ताव आणतायत रविवारी."

मावशीने टाचण्या काढून डबीत टाकल्या. "कुठली रीत?"

"अगं, ती उभं करण्याची."

बाईला लगेच जीभ चावावीशी वाटली, पण बोलून गेलेला शब्द थोडाच परत येतो!

ती रीत अशी होती. लग्नाआधी एखाद्या मुलीला दिवस गेले, की उपासनेच्या वेळी तिला व्यासपीठाशेजारी, सगळ्यांकडे तोंड करून उभं करायचं. शेवटचं गीत संपेपर्यंत तिने बसायचं नाही. मग सगळ्यांनी एकेक करून तिच्यासमोरून बाहेर पडायचं आणि कोणी तिच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. याला मंडळी 'पश्चात्तापाची संधी' म्हणत. पुरुषांना अशी संधी कधी मिळाल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

मावशीची धाकटी बहीण अशीच उभी राहिली होती. ज्याच्यामुळे उभी राहिली, तो दुसऱ्या रांगेत बसून खड्या आवाजात गात होता. त्या रविवारी धाकटीला कळा सुरू झाल्या. आधी ती ओठ दाबून उभी राहिली, मग भिंतीला टेकली. मावशी खुर्ची घेऊन पुढे धावली, तेव्हा त्या वेळी ऐन चाळिशीत असलेल्या पंचसाहेबांनी स्वतः उठून ती खुर्ची तिच्या हातातून काढून घेतली. "गीत संपू द्या," ते म्हणाले. गीताची सगळी कडवी झाली. संध्याकाळपर्यंत धाकटी गेली आणि तिचं बाळही गेलं. पुढे उपदेश करायला नवे पाळक आले, रीत आपोआप मागे पडली आणि सगळ्यांनी ते सोयीस्करपणे विसरून टाकलं. मावशी मात्र विसरली नव्हती. तीस वर्षं तिने पंचसाहेबांचे कोट शिवले होते आणि प्रत्येक कोटाचं माप घेताना मनातल्या मनात त्यांना शिव्या मोजून दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचसाहेबांची सून आणि नात दुकानात आल्या. नातीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. पांढरा झगा मावशीनेच शिवून दिला होता.

"कंबरेत जरा सैल करायचाय," सून घाईघाईने म्हणाली. "पोरगी हल्ली खूप खाते."

मावशीने पडद्याआड नेऊन मुलीच्या कंबरेला टेप लावला. एका नजरेत तिला सगळं समजलं. चाळीस वर्षं बायकांची मापं घेतलेल्या हाताला खाण्यातला आणि यातला फरक कळणार नाही होय? तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. देव उशिरा देतो, पण देतो तेव्हा असा पदरात घालतो! रविवारी प्रस्ताव मंजूर झाला, की उठायचं आणि पहिलं नाव सांगायचं. पंचसाहेबांचं तोंड कसं होईल, ते तिला आत्ताच दिसायला लागलं.

"मावशी," मुलगी अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला कळलं ना? मला उभं करतील का हो?"

मावशीचा हात थांबला. मुलीच्या गळ्याशी शीर उडत होती. धाकटीनेही हेच विचारलं होतं, अगदी याच शब्दांत.

"तुला कोणी हात लावणार नाही," ती करड्या आवाजात म्हणाली. "डोळे पूस. झग्यावर डाग पडतील."

राग मात्र तसूभरही उतरला नव्हता. तो फक्त आपल्या खऱ्या धन्याकडे वळला होता.

शनिवारी पंचसाहेब स्वतः आले. काठी टेकत स्टुलावर बसले, दुकानाची विचारपूस केली, जुन्या आठवणी काढल्या. मग खाकरून म्हणाले, "पोरीचं तुला समजलं असेलच. आपले जुने संबंध आहेत. हे इथेच राहू दे."

"मग प्रस्ताव मागे घ्या."

"आता घेतला तर लोक विचारतील, का म्हणून? आणि ते वेगळं आहे. तो तत्त्वाचा प्रश्न आहे. आमच्या पोरीचं तर लग्न ठरलंय."

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. हेच ना तुमचं तत्त्व?"

पंचसाहेबांचा चेहरा लाल झाला. "तू शपथ घेऊन सांग, की बोलणार नाहीस."

"झगा उद्या सकाळी मिळेल," मावशी म्हणाली आणि मशीन चालू केलं.

रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. शेवटच्या गीताआधी पंचसाहेब उठले. सोनेरी दिवसांबद्दल बोलता बोलता त्यांनी रुमालही काढला. प्रस्ताव वाचून झाला. पाळकांनी विचारलं, "कोणाला काही म्हणायचंय?"

मावशी उठून सरळ पुढे गेली.

"रीत सुरू करायची तर आजच करू. पंचसाहेब, या. इथे उभे राहा."

सगळीकडे कुजबुज झाली. "हा काय चावटपणा आहे?" पंचसाहेब म्हणाले.

"माझ्याकडे सांगायच्या दोन गोष्टी आहेत. एक तीस वर्षांपूर्वीची आहे. कोणती सांगू?"

त्यांची नजर नातीकडे गेली. ती सुनेला चिकटून पांढरीफटक बसली होती. दुसरी गोष्ट मावशी मेली तरी सांगणार नव्हती, पण हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

"पहिली," ते पुटपुटले आणि काठी टेकत व्यासपीठाशेजारी जाऊन उभे राहिले.

मावशीने सांगितलं. खुर्चीचं सांगितलं, कळांचं सांगितलं, दुसऱ्या रांगेतल्या आवाजाचंही सांगितलं. दुसऱ्या रांगेत आता म्हातारा झालेला एक माणूस बुटांकडे बघत बसला. "आता गीत म्हणा," ती म्हणाली. "सगळी कडवी म्हणायची."

पेटी वाजवणाऱ्याने पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी मान खाली घातली. गीत सुरू झालं. तिसऱ्या कडव्याला पंचसाहेब भिंतीला टेकले.

"मला बसू द्या," ते म्हणाले.

"गीत संपू द्या," मावशी म्हणाली.

नात उठून पुढे आली. तिने आजोबांचा दंड धरला. "मावशी, पुरे ना."

"पुरे!" मावशीचा आवाज चिरकला. "हा एक शब्द त्या दिवशी इथल्या एकाच्या जरी तोंडून निघाला असता, तर माझी बहीण आज पन्नाशीला आली असती."

गीत कसंबसं संपलं. मावशी त्यांच्यासमोरून एक शब्दही न बोलता बाहेर पडली. तिच्यामागून, जुनी सवय म्हणा की लाज म्हणा, सगळी मंडळी तशीच ओळीने, मुक्याने गेली. आजोबांजवळ फक्त नात थांबली. प्रस्तावावर मतं घ्यायची वेळच आली नाही आणि पुन्हा कोणी तो मांडला नाही. नातीचं लग्न ठरल्या दिवशी झालं. झगा अंगावर चपखल बसला होता.

सूड उगवून मन शांत होत नाही, असं उपदेशात सांगतात. मावशीचं झालं. त्या दुपारी ती पोटभर जेवली आणि गाढ झोपली.

पुढच्या आठवड्यात पाळक दुकानात आले. "झालं ते झालं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "आता क्षमा करून टाका. त्या दिवशी तुमच्या बहिणीसमोरून गेलेले कितीतरी जण अजून मंडळीत आहेत. त्यांनाही वाईट वाटतंय."

"मी तयार आहे," मावशी म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. "दुकान रोज उघडं असतं. मागायला येऊ दे कोणीतरी."

अजून कोणी आलेलं नाही.