सुकन्येच्या फोटोखालचा आकडा

शके १९२१, मार्गशीर्ष महिना. इसवी सनाप्रमाणे डिसेंबर १९९९. स्थळ : मौजे जळोची, तालुका बारामती, जिल्हा पुणे, तात्याबा यांच्या घराचा माळा. वरील काळी व वरील स्थळी, कोणाच्याही दबावाखाली नसताना, मी पुढील निवेदन करीत आहे.

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. ‘जुना’ या शब्दाला तुमच्यापैकी कोणी हरकत घेईल, कारण माझे वय दोन वर्षेही नाही. हरकत वाजवी आहे. परंतु आमच्या जातीत म्हातारपण दोन वर्षांतच येते आणि ते आले की नाही हे आम्ही ठरवीत नाही. ज्या दिवशी आमच्या जागी दुसरा येऊन बसतो, त्या दिवशी आम्ही जुने होतो.

माझा जन्म अमुक गावी झाला असे सांगता येत नाही. मदरबोर्ड परदेशातला, पत्र्याचा डबा दिल्लीचा, पंखा कोठला ते मलाही ठाऊक नाही. पुण्याच्या बुधवार पेठेत एका दुकानाच्या फळीवर या सर्वांना एकत्र आणून स्क्रूने आवळले, आणि मी अस्तित्वात आलो. मला न्यायला दोघे आले होते. एक शंभूराज, पदविका घेऊन पुण्यात नोकरी केलेला आणि आता गावी स्वतःचा धंदा काढू पाहणारा तरुण. दुसरे त्याचे वडील तात्याबा, ज्यांचे निम्मे आयुष्य मेंढरांमागे गेले होते आणि ज्यांनी अलीकडेच कळप विकून जळोचीच्या शेतात लक्ष घातले होते. स्वारगेटला कंडक्टरने खोके टपावर टाकायला सांगितले.

“टपावर न्हाय,” तात्याबा म्हणाले. “मांडीवर घिऊन बसतो.”

बारामतीपर्यंत त्यांनी मला तसेच धरले, जसे पाय दुखावलेले कोकरू धरावे.

घराच्या पुढच्या खोलीत मला टेबल मिळाले, ट्रकच्या बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर मिळाला आणि टेलिफोन खात्याकडून भाड्याने घेतलेली, दिवसरात्र जोडलेली तार मिळाली. दसऱ्याला तात्याबांनी माझ्या कपाळावर भंडारा लावला. धंद्याचे नाव होते ‘वेब होस्टिंग’. गावाला त्याचा अर्थ समजावून सांगताना शंभूराज थकून जाई. मी तो एका वाक्यात सांगतो. ज्याला आपली माहिती जगापुढे मांडायची आहे त्याला माझ्या पोटात जागा भाड्याने द्यायची, आणि जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून कोणी ती मागितली की मी ती पाठवून द्यायची. का मागितली, कोणी मागितली, कोणत्या नजरेने पाहिली, हे विचारण्याचा मला अधिकार नव्हता. हा माझा बचाव आहे असे समजू नका. ही केवळ माझी रचना आहे.

आरंभी ग्राहक दोनच होते. एमआयडीसीतला दुधाच्या टाक्या बनविणारा एक कारखानदार आणि इंदापूरकडचा एक डाळिंबाच्या रोपांचा व्यापारी. तेवढ्यावर तारेचे भाडेसुद्धा सुटत नव्हते. अशा वेळी इंदापूरहून आप्पासाहेब आले. त्यांचे तेथे वधूवर सूचक केंद्र होते. पुणे, मुंबई, दुबई, अमेरिका येथे नोकरीस लागलेल्या मुलांपर्यंत आपल्या मुलींचे फोटो पोहोचले तर केंद्राला बरकत येईल, हे त्यांनी ओळखले होते. अडचण एवढीच होती की मुलीचा फोटो सगळ्या जगापुढे ठेवायला एकही बाप तयार होत नव्हता.

“शंभूराज,” आप्पासाहेब म्हणाले, “लोक मला सरळ इचारत्यात. ज्याची मशीन हाय त्याच्या घरातली हाय का कोन त्यात?”

“उद्यापासून असंल,” शंभूराज म्हणाला.

सुकन्या त्याची धाकटी बहीण. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि धंद्यातले निम्मे काम तीच करीत असे. माहिती टंकलिखित करणे, फोटो माझ्या पोटात उतरविणे, ग्राहकांचे फोन घेणे.

“दादा, मला आत्ता लग्न करायचं न्हाय,” ती म्हणाली.

“लग्न कोन करतंय? फोटो लावायचाय नुसता.”

“मग तुझा लाव.”

“माझा बघून कोन येनार हाय? आलं तरी वसुलीवालं येतील.”

ती हसली. मित्रांनो, ती हसली याचा अर्थ तिने संमती दिली असा शंभूराजने लावला, आणि तो माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील पहिला अन्याय होय.

तिचा फोटो लागल्याचे कळताच इतरांचा संकोच गेला. इंदापूर, भिगवण, माळेगाव, पणदरे येथून मुलींच्या फोटोंची पाकिटे येऊ लागली. धंदा उभा राहिला, तो एका मुलीच्या चेहऱ्यावर उभा राहिला. हे विधान मी मोजूनमापून करीत आहे. त्यानंतर शंभूराजला एक कल्पना सुचली. प्रत्येक मुलीच्या फोटोखाली त्याने एक आकडा बसविला. फोटोवर माऊसचे बटण दाबून कोणी तिची माहिती उघडली की आकडा एकाने वाढे. ग्राहकाला आपला पैसा कोठे जातो ते दिसावे, हा हेतू. हेतू वाईट नव्हता. परंतु हेतू चांगला असणे आणि कृत्य चांगले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करणारे लोक मला नेहमीच संतापजनक वाटत आले आहेत.

आप्पासाहेब तर बेहद्द खूष झाले. त्यांनी केंद्राबाहेर बाजाराच्या रस्त्यावर एक फळा टांगला आणि दर रविवारी त्यावर मुलींची नावे व पुढे आकडे लिहू लागले, जसे बाजार समितीत कांद्याचे भाव लिहितात. ज्यांनी जन्मात संगणक पाहिला नव्हता त्यांनाही आता कोणाची मुलगी किती पाहिली जाते ते कळू लागले. लोक थांबून वाचत. आठवड्याच्या बाजाराला आलेली माणसे घरी भाजीबरोबर आकडेही घेऊन जात.

या फळ्यावर सुकन्या सर्वांत खाली होती.

याचे कारण मला ठाऊक होते आणि ते तिच्या चेहऱ्यात नव्हते. शंभूराजने नावे अकारविल्हे लावली होती. त्या दिवसांत एक फोटो पडद्यावर उमटायला चहा पिऊन व्हावा इतका वेळ लागे. बघणारे ‘अ’पासून निघत आणि ‘प’पर्यंत येता येता कंटाळून उठून जात. ‘स’पर्यंत फारसे कोणी पोहोचतच नसे. न पाहिलेली मुलगी आणि नापसंत मुलगी यांत अंतर आहे. फळ्यावर ते अंतर लिहिण्याची सोय नव्हती.

एके सकाळी तात्याबा दूध घालून परत आले आणि रिकामी किटली दारातच ठेवून माझ्या समोरच्या खाटेवर बसले. म्हाळसाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, गहू निवडीत होत्या.

“डेरीवर आज सगळ्यांच्या म्होरं इचारलं मला,” ते म्हणाले. “तात्याबा, तुमच्या पोरीचं मीटर बंद पडलंय का काय? वायरमन बोलवा म्हनं.”

“कोन म्हनलं?”

“एकानं म्हनलं, धा जन हासलं. कुनाचं नाव सांगू?”

“मग तुमी काय म्हनला?”

“काय म्हननार. किटली उचलली आन आलो.”

सुकन्या तेथेच टंकलेखन करीत होती. तिची बोटे थांबली नाहीत. संध्याकाळी भाऊ आल्यावर तिने एवढेच सांगितले की माझा फोटो काढून टाक.

“आत्ता कसा काढू?” शंभूराज म्हणाला. “सगळ्यांच्या आधी तुझा लागला. त्योच काढला तर लोक म्हनतील, ह्यांनी सोताची पोरगी उचलली, आमच्या ठिवल्या. सगळी पाकिटं परत मागतील.”

“आन मी?”

“तू घरचीच हाय की.”

घरची असणे हा गुन्हा ठरू शकतो, हे मला त्या दिवशी समजले.

त्या सुमारास एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. दुपारी शंभूराज एमआयडीसीत ग्राहकांकडे जाई आणि सुकन्या महाविद्यालयात. खोलीत राखणीला तात्याबा असत. त्यांना अक्षरओळख नव्हती. परंतु मुलीला काम करताना पाहून माऊस कसा धरायचा आणि कोणते बटण दाबायचे एवढे त्यांनी टिपले होते. ते यादीच्या तळाशी जात, आपल्या मुलीचा चेहरा शोधीत आणि त्यावर बटण दाबीत. माहिती उघडे. ती बंद करीत, पुन्हा दाबीत. “चल,” ते हलकेच म्हणत, “चल म्होरं,” जणू मागे राहिलेल्या मेंढीला कळपाशी नेत होते. मला आज्ञा होती की मागणी कोठूनही येवो, कितीही वेळा येवो, आकडा एकाने वाढवावा. मी वाढवीत गेलो. एका बापाची माया मी जगाच्या नजरेच्या हिशेबात धरली. माझ्याजवळ दुसरा हिशेबच नव्हता.

माऊसच्या बटणावर तंबाखूच्या चुन्याचा डाग राही. सुकन्या आली की तो पदराने पुसून कामाला बसे आणि वडिलांना काही विचारीत नसे.

शंभूराजलाही कळले. कोणत्या फोटोला कोठून मागणी येते हे तो मला विचारू शकत होता, आणि त्याने विचारले. बहिणीची बहुतेक सारी मागणी याच टेबलावरून आली आहे हे पाहून तो मोठ्याने हसला. “जाऊ दे,” तो स्वतःशी म्हणाला. “म्हातारं खूष, आप्पासाहेब खूष.” दिवाळीपर्यंत सुकन्या इंदापूरच्या फळ्यावर सर्वांत वर जाऊन बसली होती.

मित्रांनो, अशा निवेदनाच्या शेवटी विनंती करण्याची रीत आहे. मी ती आताच करतो, कारण शेवटची हकिकत सांगून झाल्यावर मला बोलावेसे वाटणार नाही. धंदा बुडाला म्हणून मी माळ्यावर आलो असा तुमचा समज होत असेल तर तो चुकीचा आहे. धंदा वाढला. शंभूराजने एमआयडीसीच्या रस्त्याला गाळा घेतला, माझ्या दुप्पट ताकदीचा सर्व्हर आणला, आणि मला गोणपाटात गुंडाळून येथे ठेवले. उंदरांनी माझ्या तारा कुरतडल्या आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी विनंती दुसरी आहे. यंत्रावरची धूळ पुसा, त्याला उन्हापासून जपा, हे सर्व तुम्हाला शिक्षक सांगतीलच. मी एवढेच मागतो की आमच्यासारख्याकडून एखाद्या माणसाचा आकडा घ्याल, तेव्हा तो कशाचा आकडा आहे हेही विचारा. आम्ही विचारल्याखेरीज सांगत नाही. आणि ज्याला ठाऊक असते तो सांगेलच असे नाही.

आता हकिकत. तुळशीच्या लग्नानंतर पणदऱ्याचे दादासो व त्यांच्या पत्नी बनाबाई सुकन्येला पाहायला आले. मुलगा एमआयडीसीत कायम नोकरीला होता; घर तात्याबांच्याच जातीचे, लांबच्या नात्यातले होते; आणि ते स्थळ व्हावे असे त्या घरातल्या प्रत्येकाला वाटत होते. मला ठाऊक आहे की सुकन्येलाही वाटत होते, कारण त्या मुलाचा फोटो आदल्या आठवड्यात तिने माझ्याकडून पुन्हा पुन्हा मागितला होता. मुलांच्या फोटोखाली आकडा नव्हता.

पोहे झाले, चहा झाला. मध्यस्थ म्हणून आप्पासाहेब होतेच. बनाबाईंनी मुलीला शिक्षण विचारले, स्वयंपाक विचारला, आणि तिच्या उत्तरांवर त्या दोनदा हसल्या. सारे जुळत आले होते. तेव्हा आप्पासाहेबांनी कौतुकाने पडद्याकडे हात केला.

“आमच्या फळ्यावर एक नंबरला हाय ही पोरगी. बघा की आकडा.”

बनाबाईंनी पाहिले. मग त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

“एवढ्या लोकांनी बगितली हिला?”

“व्हय तर,” आप्पासाहेब म्हणाले. “पार अमेरिकेपतुर.”

“आन एकानं बी पसंत केली न्हाय?”

म्हाळसाबाई दारातून एक पाऊल आत आल्या. तात्याबा खाटेवरून उठले.

“अवं बाई, ती समदी मीच बगितलीया,” ते म्हणाले. “दुपारचा मी हितं बसतो आन दाबतो. लोक हासत हुतं म्हून. दुसऱ्या कुनी न्हाय बगितली माजी पोर.”

दादासो हसले. “बाप कशाला बगंल सोताच्या पोरीला? रोज घरात दिसती की.”

“शंभूराज,” आप्पासाहेबांचा आवाज बदलला होता, “एका माणसाला असा आकडा वाढवता येतो का तुमच्या मशीनवर?”

प्रश्न स्पष्ट होता. उत्तर मला ठाऊक होते आणि शंभूराजला ठाऊक होते. ‘होय’ म्हटले असते तर मुलीचे स्थळ वाचले असते. आणि इंदापूरच्या फळ्यावरचा प्रत्येक आकडा त्याच क्षणी खोटा ठरून ग्राहक उठून गेले असते.

“दादा,” सुकन्या म्हणाली, “सांग की.”

“न्हाय आप्पासाहेब,” शंभूराज म्हणाला. “एका माणसाला आपली मशीन एकदाच मोजती. आकडा खरा हाय.”

“दावतो मी,” म्हणत तात्याबांनी माऊसकडे हात नेला. शंभूराजने त्यांचे मनगट धरले. जोराने धरले, ते सुरकुतलेले मनगट पांढरे पडलेले मी पाहिले.

“बसा, आबा.”

तात्याबांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग ते बसले.

“मायेपोटी बोललं म्हातारं मानूस,” आप्पासाहेब समजूतदारपणे म्हणाले.

बनाबाई उठल्या. त्यांनी पदर सावरला आणि सुकन्येच्या डोक्यावरून हात फिरविला.

“पोरी, तुझ्यात खोट न्हाय,” त्या म्हणाल्या. “पर एवढ्यांनी बगून सोडल्याली पोरगी आमी घरात न्हेत न्हाय.”