वरच्या मजल्याचं प्रार्थनापत्र

वरच्या मजल्यावर भाड्याने मिशनरी कुटुंब येणार म्हणून एजंटने सांगितलं, तेव्हा मी एखाद्या गोऱ्या साहेबाची वाट बघत फाटकात उभी होते. ऑटोतून उतरले ते केनियाचे. नवरा कामाऊ, बायको न्यांबुरा आणि तिच्या खांद्यावर झोपलेली दोन वर्षांची वंजिरू. "केनियातून इकडे मिशनरी?" मी यजमानांच्या कानात विचारलं. हयवदनराव म्हणाले, "काळ बदलला, कावेरी. तू आधी फाटक सोड, त्यांना आत येऊ दे."

त्याला चार वर्षं झाली. दोघं इथल्या एका कॉलेजात धर्मशास्त्र शिकवतात. वंजिरू आता सहा वर्षांची आहे आणि ऑटोवाल्याशी मीटरवरून कन्नडमध्ये हुज्जत घालते. एकदा मी नाचणीची मुद्दे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, करून वर पाठवली, तर न्यांबुरा धावत खाली आली. "अक्का, हे तर आमचं उगाली! तुम्ही कुठून शिकलात?" आमच्या घराण्याला बेंगळुरात साडेतीनशे वर्षं झाली. मुद्दे कुठून शिकलात, असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

माझ्या नाकावर राग असतो हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण न्यांबुरावर चिडायची वेळ फक्त एकदाच आली. तिच्या गावाकडच्या चर्चचे एक पाद्री पाहुणे म्हणून आले होते. उंच, गंभीर माणूस, भारतात पहिल्यांदाच आलेला. जिन्याशी मला पाहून त्यांनी हात जोडले आणि अतिशय कळकळीने विचारलं, "तुमचा डावा गुडघा आता कसा आहे?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं. "आमच्या महिला मंडळाने खास विचारायला सांगितलंय," ते म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच गुडघ्याने मी जिना चढले आणि जाब विचारला. न्यांबुराने मुकाट्याने लॅपटॉप पुढे केला. दर महिन्याला ही माणसं मायदेशी एक प्रार्थनापत्र पाठवतात. आमचं असं चाललंय, अमुकअमुकसाठी देवाला विनंती करा, असं त्यात लिहितात. ते पत्र अकरा चर्चमध्ये मोठ्याने वाचतात. चौथ्या कलमात मी होते. स्टुलावर पाय टाकून तेल चोळताना, फोटोसकट!

"तुम्हाला विचारलं नाही, चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण अक्का, आम्ही त्यात आमच्याच माणसांची नावं घालतो."

"निदान फोटो तरी बरा काढायचा," एवढं बोलून मी खाली आले. हयवदनराव पोट धरून हसत होते. "अगं, आपल्या मुलाला तुझा कुठला गुडघा दुखतो ते माहीत नाही, आणि तिकडे अकरा चर्चना माहीत!" गुडघा पुढे स्वल्प बरा झाला. पण तो तेलाने, हे मी स्पष्ट करून ठेवते.

त्या पत्रामुळे एक झालं. मी दर महिन्याला ते वाचायला मागू लागले. शिकलेली बाई आहे, चुका काढायची खोड आहे. वाचता वाचता लक्षात आलं की या लोकांना नुसता आनंदच लिहिता येतो. भावाचं लग्न फोनवर पाहिलं, देवाची स्तुती असो. वंजिरू आजीशी बोलायला लाजते, आजीची भाषा विसरली, देवाची स्तुती असो. मी म्हणायचे, "अगं, वाईट वाटलं तर वाईट वाटलं म्हणून लिही की." ती नुसती हसायची.

गेल्या जुलैत तिची आई गेली.

न्यांबुराला आठवा महिना चालू होता. डॉक्टरने विमानाला साफ नाही म्हटलं. मातीला आठवडा होता, त्यांच्याकडे सगळे जमेपर्यंत थांबतात. मी सारू-भात घेऊन वर गेले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेतात, ही आमची रीत. बघते तर बाई परीक्षेचे पेपर तपासत बसलेली! डोळे कोरडे ठणठणीत. कामाऊ दारात उभा राहून माझ्याकडे असहायपणे बघत होता. "तीन दिवस असंच चाललंय," तो हळूच म्हणाला.

लॅपटॉप उघडा होता. पत्रात एकच ओळ होती. 'आई प्रभूच्या घरी गेली, आम्ही आनंदात आहोत.'

"कोण आनंदात?" माझा आवाज चढला. "तीन दिवस जेवली नाहीस, आणि आनंदात? खोड ते आधी! रड की गं बाई, आई गेली तुझी!"

तिने पेन खाली ठेवलं. "कुठल्या तोंडाने रडू, अक्का?" ती म्हणाली. "आजारी आईला टाकून मी परक्या देशात आले. देवाचं काम म्हणून आले. माझ्या वाटचं तिचं सगळं शेजाऱ्यांनी केलं. रडायचा हक्क त्यांचा आहे."

मी ताट वाढलं आणि समोर बसून तिला चार घास खायला लावले. ती ओळ तिने खोडली. दुसरी मात्र लिहिली नाही.

मातीच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे वर जमलो. हयवदनरावांनी टीव्हीला फोन जोडून दिला. तिकडे डोंगराच्या उतारावर हिरवीगार बाग, केळी, दोन-तीनशे माणसं आणि तालात डुलत म्हटलेली गाणी. इतकी सुंदर गाणी मातीला म्हणतात हे मला नवीनच होतं. वंजिरू पण डुलायला लागली. न्यांबुरा ताठ बसून होती.

मूठमाती द्यायची वेळ आली. मुलगे झाले, सुना झाल्या. मग डोक्याला फडकं बांधलेली एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. तिकडचा फोन न्यांबुराच्या भावाच्या हातात होता. त्याने सांगितलं, ही शेजारीण. इतकी वर्षं आईला पाणी हिने भरून दिलं, दवाखान्यात हिने नेलं. न्यांबुराने मान खाली घातली.

म्हातारीने माती टाकली आणि फोनच्या इतकी जवळ आली की टीव्हीभर नुसतं नाक दिसायला लागलं. तिने काहीतरी खडसावून विचारलं. म्हातारीने पुन्हा विचारलं.

"काय म्हणते गं?" मी विचारलं.

न्यांबुराने सांगितलं. "म्हणते, इकडे आईचं मी बघितलं. तिकडे लेकीचं बघायला कोण आहे?"

मी खुर्चीतून उठले आणि फोनसमोर जाऊन उभी राहिले. माझं इंग्रजी, कन्नड, मराठी, काहीच त्या बाईला कळणार नव्हतं. म्हणून शाळेत हजेरीला करतात तसा हात वर केला.

तिने मला डोळे बारीक करून चांगलं निरखलं. मग मान डोलावली, वाकून आणखी एक मूठ माती उचलली, न्यांबुराचं नाव मोठ्याने घेतलं आणि लेकीच्या वाटची ती माती खाली टाकली.

न्यांबुरा तेव्हा रडली. माझ्या गळ्यात पडून, खालच्या गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.